मासा राहू द्या, आधी तळ पाहा!

धरणाच्या पाण्यात होडी घालणाऱ्या जुन्या मंडळींकडे एक बिनखर्चाचं यंत्र असायचं. लांब दोरी, टोकाला बांधलेला दगड आणि दोरीवर हात-हातभर अंतरावर मारलेल्या गाठी. दगड तळाला टेकला की दोरी सैल पडायची. मग ओल्या गाठी मोजायच्या आणि सांगायचं, ‘इथं दोन पुरुष पाणी आहे.’ दगड चिखलानं माखून वर आला तर खाली गाळ, ठणकन आपटला तर खडक. बॅटरी नको, बिल नको आणि बिघाड तर नाहीच नाही.

आज हेच काम तळहाताएवढा रंगीत पडदा करतो. त्याला म्हणतात फिश फाइंडर, म्हणजे मासे शोधणारं यंत्र. समुद्रातल्या मोठ्या ट्रॉलरवर ते केव्हाच रुळलं. आता ते गोड्या पाण्यातल्या दोन-तीन माणसांच्या होडीलाही परवडेल अशा किमतीत मिळू लागलंय. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन धरणावर जाणारा हौशी गडी असो की रोज पहाटे जाळी लावणारा छोटा मासेमार, दोघांच्याही मनात एकदा तरी येतंच : घ्यावं का एखादं?

प्रश्न साधा असला तरी उत्तर महागात पडू शकतं. हौशी माणसाच्या घरी फार तर ‘एवढे पैसे पाण्यात घातलेत!’ हे वाक्य वर्षभर ऐकू येईल. पण ज्याचं घर त्या होडीवरच चालतं, त्याच्यासाठी चुकीचं यंत्र म्हणजे मुलांची फी किंवा घरातल्या धान्याचे पैसे गेले असा हिशोब असतो. म्हणूनच दुकानात शिरण्यापूर्वी हे यंत्र काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे समजून घेतलेलं बरं.

भिंतीवर फेकलेला चेंडू

अंधारात भिंतीवर चेंडू फेकावा आणि तो किती वेळानं हातात परत येतो, यावरून भिंत किती लांब आहे हे ओळखावं, तसंच काहीसं हे तंत्र आहे. होडीच्या बुडाशी बसवलेला ट्रान्सड्युसर पाण्यात आवाजाचे छोटे छोटे ठोके सोडतो. माणसाच्या कानाला ते ऐकू येत नाहीत. ठोका तळावर आपटून परत येतो, आणि जायला-यायला लागलेल्या वेळावरून यंत्र खोली काढतं. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,४८० मीटर धावतो. म्हणजे १५ मीटर खोल तळाला शिवून परत यायला त्याला सेकंदाचा पन्नासावा भागच लागतो. दगड-दोरीला जे काम करायला मिनिट लागायचं, ते हे यंत्र एका सेकंदात अनेकदा करतं.

जपानमधल्या नागासाकी भागातल्या फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये मासेमारांच्या कामाचं असं यंत्र पहिल्यांदा बाजारात आणलं. गोड्या पाण्यातल्या छोट्या होडीपर्यंत हे तंत्र आणण्यात अमेरिकेतल्या कार्ल लोरन्स आणि त्यांच्या मुलांचा मोठा वाटा आहे. १९५७ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या धंद्याचं नाव आजही या यंत्रांवर दिसतं. गोड्या पाण्याच्या यंत्रांमध्ये लोरन्स, गार्मिन आणि हमिनबर्ड ही तीन नावं सर्वांत जास्त ऐकू येतात.

मासा कसा दिसतो, तेही पाहू. पुष्कळशा माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. तिच्यामुळे त्यांना पाण्यात तरंगत राहता येतं. पाण्यातून येणारा आवाज या हवेवरून जोरात परततो. यंत्राला ऐकू येतो तो मुख्यतः याच पिशवीचा प्रतिध्वनी. थोडक्यात, यंत्र मासा ‘पाहत’ नाही, त्याच्या पोटातली हवा ऐकतं. आता पाण्यात हवा काय फक्त माशांच्याच पोटात असते? बुडबुड्यांत असते, कुजणाऱ्या पाल्यातून सुटणाऱ्या वायूत असते, तरंगत्या प्लॅस्टिकच्या पिशवीतही असते. गोंधळाला सुरुवात होते ती इथूनच.

पडदा खोटं बोलत नाही, पण...

नवा ग्राहक पहिली चूक करतो ती पडद्याकडे टीव्हीसारखं पाहण्याची. पडद्यावर दिसतं ते पाण्याखालचं छायाचित्र नसतं, ती असते सरकती नोंद. अगदी उजव्या कडेची रेघ म्हणजे ‘आत्ता’. तिच्या डावीकडचं सगळं होऊन गेलेलं. डावीकडे दिसणारा मासा होडीच्या डाव्या बाजूला नसतो, तो मागं राहिलेला असतो किंवा केव्हाच निघून गेलेला असतो.

होडी हळूहळू पुढं जात असताना मासा आवाजाच्या झोतात शिरतो, मधोमध येतो आणि बाहेर पडतो. आधी अंतर जास्त, मग कमी, मग पुन्हा जास्त. त्यामुळे पडद्यावर उलट्या चंद्रकोरीसारखी कमान उमटते. पण होडी नांगर टाकून उभी असेल आणि खाली बोटभर मासा निवांत थांबला असेल, तर पडद्यावर लांबच लांब रेघ उमटते. नवखा माणूस ती पाहून ‘अरे बापरे, केवढा मोठा!’ म्हणून उडतो. रेघेची लांबी म्हणजे माशाची लांबी नव्हे. तो किती वेळ झोतात थांबला, एवढंच ती सांगते.

बऱ्याच यंत्रांत कमानीऐवजी माशाचं गोंडस चित्र दाखवण्याची सोय असते. जाहिरातीत हीच चित्रं ठळकपणे छापलेली असतात. अनुभवी लोक मात्र ही सोय पहिल्याच दिवशी बंद करतात, कारण फांदी, बुडबुडा, पाणवनस्पतीचा झुबका यांतलं जे जे यंत्राला माशासारखं वाटतं, त्याला ते माशाचं चित्र चिकटवतं.

मग हे यंत्र खात्रीनं सांगतं तरी काय? तळ! पाणी किती खोल आहे, तळ सपाट आहे की एकदम कडा तुटलाय, खाली गाळ आहे की खडक, बुडालेलं झाड कुठं उभं आहे, हे सगळं ते बऱ्यापैकी विश्वासानं सांगतं. कडक तळावरून प्रतिध्वनी जोरात येतो, म्हणून रेघ ठळक आणि जाड दिसते. गाळ आवाज गिळतो, म्हणून तिथं रेघ फिकी आणि मवाळ होते. कडक तळ फार खोल नसेल तर बरोबर दुप्पट खोलीवर तळाची दुसरी रेघही उमटते. आवाज तळ ते पृष्ठभाग असा दोनदा फिरून आल्याची ती खूण.

आपल्या धरणांच्या बाबतीत ही तळाची माहिती सोन्याच्या मोलाची आहे. आपले मोठे जलाशय म्हणजे बुडालेल्या दऱ्या, शेतं आणि गावंच. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं. हिमाचल प्रदेशात भाक्रा धरणाच्या गोविंदसागरात जुनं बिलासपूर शहर बुडालं, आणि पाणी ओसरलं की तिथलीही जुनी मंदिरं डोकं वर काढतात. अशा पाण्याखाली जुने बांध, विहिरी, रस्ते, झाडांचे खुंट दडलेले असतात. मासे आसऱ्याला येतात ते याच जागी. जाळी फाटतात आणि होडीचं बूड घासतं तेही इथंच. जुनी नदी जिथून वाहायची ती खोल चरी सापडली, तर उन्हाळ्यात पाणी कमी झाल्यावर मासा कुठं सरकणार याचाही अंदाज येतो.

म्हणून ग्राहकानं मनाशी एक गोष्ट पक्की करावी : माशाचं चित्र हवं म्हणून पैसे मोजायचे नाहीत, तळ नीट कळावा म्हणून मोजायचे. हे एकदा ठरलं की निम्मी निवड आपोआप होते आणि निम्मे पैसे वाचतात.

कोणता मासा, किती पाणी?

ट्रान्सड्युसरमधून निघणारा आवाज बॅटरीच्या उजेडासारखा पसरत जातो. तोंडाशी अरुंद, खाली रुंद. झोताचा कोन २० अंशांचा असेल, तर १० मीटर खोलीवर साधारण साडेतीन मीटर रुंदीचं वर्तुळ दिसतं. कोन ६० अंशांचा असेल, तर तेच वर्तुळ साडेअकरा मीटरचं होतं. पण एका मीटरवर? २० अंशांच्या झोतात जेमतेम ३५ सेंटिमीटर. म्हणजे एका मध्यम ताटाएवढी जागा!

आता हा हिशोब आपल्या माशांना लावून पाहू. कटला वरच्या थरात चरतो. होडीची चाहूल लागली की तो बाजूला होतो, आणि वरच्या थरात झोतही अरुंद. त्यामुळे पाण्यात कटला भरपूर असूनही पडदा रिकामा दिसू शकतो. रोहू मधल्या थरातला, तो बऱ्यापैकी सापडतो. मृगळ तळाशी चरणारा. तळाला चिकटलेला मासा आणि तळ यांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात, त्यामुळे तो ओळखायला सराव लागतो. मरळ उथळ, गवताळ, काठच्या पाण्यात राहते आणि हवा घ्यायला वर येते. तिच्यासाठी यंत्र कशाला, काठावर शांत बसणारे डोळे पुरेत. वाम गाळात नाही तर कपारीत दडते, तिला यंत्र काय दाखवणार? खळाळत्या, उथळ नदीत तर बुडबुड्यांमुळे पडद्यावर नुसता पाऊस पडल्यासारखं दिसतं.

म्हणजे ज्याची मासेमारी दोन मीटरच्या आतल्या पाण्यात, गावतळ्यात किंवा शेततळ्यात चालते, त्यानं हे यंत्र घेऊच नये. त्याला वेळूची काठी आणि दगड-दोरी भरपूर झाली. ज्याची होडी चार-पाच मीटरपेक्षा खोल पाण्यात जाते, जलाशय मोठा आहे आणि तळ उंचसखल आहे, त्याला मात्र पैशाचं मोल मिळेल.

पैसे कुठं घालावे, कुठं वाचवावे

पडदा : चार-पाच इंचांचा पडदा छोट्या होडीला पुरतो. मॉडेलच्या नावातल्या आकड्यावर मात्र विसंबू नये. गार्मिनच्या स्ट्रायकर ४ या पुष्कळ खपलेल्या मॉडेलच्या नावात ४ असला, तरी पडदा साडेतीन इंचांचा आहे. आकारापेक्षा महत्त्वाचं म्हणजे भर दुपारच्या उन्हात तो वाचता येतो का. दुकानदाराला सांगून यंत्र दाराबाहेर उन्हात आणून पाहावं. पाण्यावर पोलराइज्ड गॉगल घालण्याची सवय असेल तर तो घालूनच पाहावं, कारण काही पडदे अशा गॉगलमधून एका विशिष्ट कोनात काळेठिक्कर दिसतात.

वॅट : इथं आकड्यांचा खेळ चालतो. एका डब्यावर ५०० वॅट लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ४,०००. साहजिकच माणूस दुसरा उचलतो. पण पहिला आकडा ‘आरएमएस’ असेल आणि दुसरा ‘पीक टू पीक’, तर दोन्ही यंत्रांची ताकद एकच! पीक टू पीकचा आकडा आरएमएसच्या आठपट असतो. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच मापात विचारावेत.

खोली : डब्यावरचा खोलीचा दावाही असाच भुलवतो. स्ट्रायकर ४ ची आरएमएस ताकद २०० वॅट. तेवढ्यावर कंपनी गोड्या पाण्यात १,६०० फुटांचा, म्हणजे जवळपास ४८८ मीटरचा दावा करते. भाक्रा धरणाची उंचीच मुळी २२६ मीटरच्या आसपास आहे. म्हणजे साधं यंत्रसुद्धा आपल्या खोल जलाशयांना पुरून उरतं. जास्त खोलीसाठी जास्त पैसे मोजणं हे समुद्रावर जाणाऱ्यांचं काम.

आवाजाची पट्टी : २०० किलोहर्ट्‌झच्या आसपासची पट्टी अरुंद झोत आणि बारकावे देते, ८० च्या आसपासची रुंद झोत देते. दोन्ही असलेलं यंत्र घ्यावं. त्यात ‘चर्प’ असेल तर आणखी चांगलं. चर्प म्हणजे एकच सूर न लावता यंत्र सुरांची चढती मालिका सोडतं. त्यामुळे जवळजवळचे दोन मासे किंवा तळालगतचा मासा वेगळा दिसण्याची शक्यता वाढते. हे तंत्र आता स्वस्त यंत्रांतही येतं आणि त्यासाठी थोडे जास्त पैसे देणं वाजवी आहे.

खालचं चित्र आणि बाजूचं चित्र : ‘डाउन इमेजिंग’ किंवा तत्सम नावानं येणारी सोय बुडालेली झाडं, भिंती अधिक स्पष्ट दाखवते. झाडझाडोरा असलेल्या धरणात ती उपयोगी, खिशाला झेपली तर घ्यावी. ‘साइड इमेजिंग’ होडीच्या दोन्ही बाजूंचं दाखवतं, पण किंमत चढते आणि होडी सरळ रेषेत, एकसारख्या वेगानं न्यावी लागते. वल्ह्याच्या होडीला ते जमत नाही. माशांची हालचाल त्याच क्षणी दाखवणारी ‘लाइव्ह’ यंत्रं तर छोट्या होडीच्याच किमतीला जाऊन भिडतात. ती सोडूनच द्यावीत.

जीपीएस : यात मात्र काटकसर करू नये. सापडलेली चरी, बुडालेला बांध, जाळं फाडणारा खुंट यांवर एकदा खूण केली की पुढच्या वेळी थेट तिथं जाता येतं. धुकं पडलं, अंधारून आलं तर परतीचा काठही सापडतो. आपल्या धरणांत तर याची गरज दुप्पट, कारण पावसाळा संपताना तुडुंब भरलेलं पाणी मे महिन्यापर्यंत कित्येक मीटर खाली जातं. सप्टेंबरमध्ये १२ मीटरवर दिसलेला खुंट उन्हाळ्यात होडीच्या बुडाला लागू शकतो. खोली बदलते, जागा बदलत नाही. खूण करताना सोबत तारीख आणि त्या दिवशीची खोली लिहून ठेवण्याची सवय लावावी.

नकाशे : अमेरिकेतल्या तळ्यांचे तळ दाखवणारे तयार नकाशे यंत्रात भरून मिळतात आणि त्यांची किंमतही लावली जाते. ज्याला उजनी, कोयना किंवा हिराकूडवर जायचंय, त्याला अमेरिकन तळ्यांचे नकाशे घेऊन काय करायचंय? त्याऐवजी होडी फिरेल तसा तळाचा नकाशा स्वतःच काढत जाणारी सोय काही यंत्रांत असते. ती मिळाली तर एका मोसमात आपल्या धरणाचा आपला नकाशा तयार होतो.

डबा, चेंडू की खिशातलं?

परवडणाऱ्या यंत्रांचे ढोबळमानानं तीन प्रकार आहेत. सर्वांत स्वस्त ती पेन्सिल सेलवर चालणारी, हातात मावणारी. त्यांच्या वायरच्या टोकाला तरंगणारा गोळा असतो. खोली कळते, तळाचा अंदाज येतो, पण जीपीएस नसतो आणि पडदा माशांच्या चित्रांनी भरलेला असतो. वर्षातून चार वेळा धरणावर जाणाऱ्याला हे पुरे.

दुसरा प्रकार चेंडूसारखा. तो गळाच्या दोरीला बांधून पाण्यात फेकायचा, चित्र मोबाइलवर दिसतं. लिथुआनियाच्या डीपर कंपनीचे असे चेंडू प्रसिद्ध आहेत. काठावरून गळ टाकणाऱ्याला किंवा दर वेळी भाड्याची होडी घेणाऱ्याला हे सोयीचं, कारण कुठंही काही ठोकावं लागत नाही. मात्र मोबाइलची बॅटरी भराभर उतरते, उन्हात पडदा दिसत नाही आणि ओल्या हातानं महागडा फोन सांभाळत बसावं लागतं. तोच फोन संकटात मदतीला बोलवायचा असतो, हेही विसरून चालणार नाही.

तिसरा प्रकार म्हणजे होडीला बसवायचं, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं यंत्र. स्वतःची होडी असलेल्या आणि नियमित पाण्यात जाणाऱ्या माणसासाठी हाच खरा पर्याय. जीपीएस असलेलं साधं यंत्र अमेरिकेत शंभर ते दीडशे डॉलरच्या घरात मिळतं. भारतात वाहतूक, आयातशुल्क आणि कर धरून ते बरंच चढतं, म्हणून दोन-तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बिलात न दिसणारा खर्च

यंत्र आणलं म्हणजे खर्च संपला असं नाही. बॅटरी, चार्जर, फ्यूज, वायर आणि बसवायचं सामान हे सगळं वेगळं. घरगुती यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बंद बॅटरी छोट्या यंत्राला चालते. यंत्र अँपिअरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी वीज खात असेल, तर कागदावर २१ तास भरतात. पण अशी बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे दहा तास धरावेत, एक दिवस आरामात निघतो. होडीला विजेवर चालणारी छोटी मोटर असेल तर तिच्या बॅटरीवर यंत्र जोडू नये, पडद्यावर खरखर उमटते. माहितीपत्रकात सांगितलेला फ्यूज न चुकता लावावा. दहा-वीस रुपयांचा फ्यूज हजारो रुपयांचं यंत्र वाचवतो.

नीट बसवलं नाही, तर महागडं यंत्रही आंधळं होतं. ट्रान्सड्युसरच्या तोंडावरून बुडबुडे वाहता कामा नयेत. तो होडीच्या मागच्या फळीवर, पंख्यापासून हातभर दूर बसवावा. फायबरच्या होडीत बुडाच्या पातळीपेक्षा साधारण ३ मिलिमीटर आणि अॅल्युमिनियमच्या होडीत साधारण १० मिलिमीटर खाली राहील असा. बुडावरच्या रिबिटांच्या किंवा पट्ट्यांच्या मागं बसवला तर तिथले बुडबुडे थेट तोंडावर येतात. तोंड बरोबर खाली हवं. ते तिरकं झालं तर खोली चुकते आणि कमानी मोडक्या दिसतात.

होडीला भोकं पाडायची नसतील तर सोपी युक्ती आहे. ट्रान्सड्युसर एका पाइपला किंवा मजबूत काठीला बांधावा आणि ती काठी शिकंजानं होडीच्या कडेला उभी आवळावी. उथळ पाणी आलं की काठी वर ओढून घेता येते. वल्ह्याच्या आणि भाड्याच्या होडीला हेच उत्तम. वायर लांब वाटली तरी ट्रान्सड्युसरची वायर कापू नये, गुंडाळून ठेवावी.

दुकानातला सिनेमा

दुकानात यंत्र चालू केलं की पडद्यावर खोल पाणी, झाडं आणि डझनभर मासे दिसू लागतात. खाली तर टेबल असतं! हा असतो ‘डेमो’, यंत्रात आधीच भरलेला सिनेमा. त्यावरून बटणं कशी चालतात, अक्षरं किती मोठी दिसतात एवढंच पाहावं. यंत्राची खरी परीक्षा पाण्यातच होते. जुनं यंत्र विकत घेताना तर पाण्यात चालवून पाहिल्याशिवाय सौदा करूच नये. वायरला चीर आहे का, जोडाच्या पिना गंजल्यात का, पडद्याच्या आत धुकं धरलंय का, हे आधी बघावं. मग होडीत बसून तीन वेगवेगळ्या जागी यंत्राचा आकडा आणि दगड-दोरीचं माप ताडून पाहावं. दोन्ही जवळपास जुळले तर यंत्र शाबूत आहे.

पाणी आणि पावसापासून बचावासाठी ‘आयपीएक्स ७’ ही खूण पाहावी. एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची ती कसोटी आहे. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या यंत्राची वॉरंटी भारतात चालेलच असं नाही. तेव्हा दुरुस्ती कोण करणार, कुठं आणि किती दिवसांत, हे बिलावर किंवा वॉरंटी कार्डावर लिहून घ्यावं. बिल नाकारणाऱ्याकडून स्वस्तातही घेऊ नये. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते, पण हातात बिल असेल तरच तिला वजन येतं.

आधी जीव, मग यंत्र

यंत्राचं बजेट ठरवताना त्यातून सगळ्यात आधी होडीतल्या प्रत्येकासाठी लाइफ जॅकेटचे पैसे बाजूला काढावेत. उरलेल्या रकमेत बसेल तेच यंत्र घ्यावं. मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यानं प्रवासी होडी उलटली आणि सहा जणांचे प्राण गेले. धरणाचं पाणी समुद्रासारखं गर्जत नाही म्हणून ते गरीब वाटतं, पण उन्हाळ्यातला वळवाचा वारा मिनिटांत लाटा उठवतो. पडद्यावर डोळे लावून बसलेल्या माणसाला आकाश भरून आलेलं उशिरा कळतं. होडीत दोघं असतील तर एकानं पडदा पाहावा आणि दुसऱ्यानं आभाळ.

कायद्याचंही भान हवं. महाराष्ट्रात पुष्कळशा जलाशयांतल्या मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात. इतर राज्यांत परवाने लागतात. अभयारण्यांतल्या पाण्याला वेगळे नियम असतात. हिमाचलसारख्या राज्यात पावसाळ्यात माशांच्या विणीसाठी दोन महिने मासेमारी बंद असते. धरणाच्या भिंतीजवळ जायला तर सगळीकडेच मनाई. तेव्हा यंत्राआधी परवानगी. आणि उन्हाळ्यात आटत चाललेल्या डोहात सगळा मासा एकवटलेला पडद्यावर दिसला, तर तो सगळाच्या सगळा उपसू नये. यंत्रानं मासा शोधणं सोपं केलं, पाण्यात तो पुन्हा भरण्याचं काम त्याला येत नाही.

खरेदीला निघण्यापूर्वी

• आपलं पाणी चार-पाच मीटरपेक्षा खोल आहे का? नसेल तर यंत्र नको.
• होडी स्वतःची की भाड्याची? स्वतःची असेल तर बसवायचं, भाड्याची असेल तर काठीला बांधायचं किंवा फेकायचं.
• पडदा उन्हात पाहिला का? गॉगल घालून पाहिला का?
• वॅटचे आकडे एकाच मापात विचारले का?
• दोन पट्ट्या, शक्य तर चर्प आणि जीपीएस आहे का?
• परदेशी नकाशांचे पैसे तर लावलेले नाहीत ना?
• बॅटरी, चार्जर, फ्यूज आणि बसवायचं सामान हिशोबात धरलं का?
• पक्कं बिल, वॉरंटी आणि दुरुस्तीचं ठिकाण लिहून घेतलं का?
• लाइफ जॅकेटचे पैसे आधी काढून ठेवले का?

यंत्र घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस गळ किंवा जाळं घरीच ठेवावं. ओळखीच्या पाण्यात होडी सावकाश फिरवावी, माशाची चित्रं बंद करावीत आणि ज्या जागांचा तळ आधीपासून ठाऊक आहे त्या जागा पडद्यावर कशा दिसतात ते बघावं. ठाऊक असलेला खडक, गाळ आणि खुंट ओळखू आले की अनोळखी तळही वाचता येऊ लागतो. आणि हो, जुनी दगड-दोरी फेकून देऊ नये. बॅटरी उतरली की तीच कामाला येते.